तुझ्या बाबांच्या वाटणीचं जेवण

मोन्काल्व्हो, मंगळवार, १८ ऑक्टोबर १९८३

दारिओ,

हे नाताळाचं पत्र नाही. नाताळाला अजून अवकाश आहे, आणि हवापाणी नि कोंबड्या यांच्याबद्दल लिहायला मी बसलेली नाही. आम्ही सहलीला निघालो आहोत. आम्ही म्हणजे मी आणि तुझे बाबा. हस आता. लग्न झालं तेव्हा ज्या माणसाने मला कासालेच्या बाजारापर्यंत नेलं आणि गाईची धार चुकेल म्हणून त्याच दुपारी घरी आणलं, तो माणूस गेल्या आठवड्यात स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "एर्नेस्ता, चांगला कोट काढ. तीन दिवस खाऊनपिऊन येऊ."

"कुठे?"

"टेकड्यांत. तीन ठिकाणी. यादी केलीये."

यादी त्यांच्या आतल्या खिशात आहे. मला दाखवत नाहीत. आज कुठे ते आज सकाळी कळलं. गाडी चाळिसाच्या वर नेत नाहीत, मागून लोक भोंगे वाजवतात, आणि बाबा खिडकीतून हात काढून त्यांना पुढे जायला सांगतात, जसे काही सगळे रस्ते यांच्या मालकीचे. द्राक्षं बहुतेक उतरवून झालीत. प्रत्येक गावातून आंबलेल्या रसाचा वास येतो. बाबा काच खाली करून वास घेतात आणि सांगतात, "यांनी घाई केली," किंवा "हा माणूस शहाणा आहे."

आज देसोलिनाकडे जेवलो. तुला ती आठवत असेल. मोन्काल्व्होच्या वरच्या अंगाला खाणावळ आहे तिची, आणि तू लहान असताना तुझे गाल ओढायची. नवरा गेला, गुडघे गेले, जीभ आहे तशीच. बाबांना बघून म्हणाली, "काय रे एव्हाझियो, बायकोला खाऊ घालतोस आणि स्वतः वाळतोस? दुसरी बघितलीस की काय?"

"या वयात दुसरी कुठली, देसोलिना? तू तर विचारतही नाहीस."

बाबांनी सगळं मागवलं. खारवलेले मासे आणि वर पार्सली-लसणाची हिरवी चटणी. मांसाचं सारण भरलेल्या आन्योलोत्ती. मग उकडलेलं मांस, सात प्रकारचं. सोबत ग्रिन्योलिनो वाईनची बाटली. दोघांच्या ताटल्या भरल्या. त्यांचं पोट जरा बिघडलंय, म्हणून देसोलिना आत वळली की ते आपली ताटली माझ्यासमोर सरकवायचे आणि माझी रिकामी स्वतःकडे ओढायचे. एकदा ती अर्ध्यातच फिरली आणि आम्ही दोघं ताटल्या हातात धरून शाळेतल्या पोरांसारखे बसलेलो. मला इतकं हसू आलं की चटणी नाकात गेली.

"सांग," बाबा म्हणाले.

"काय सांगू?"

"कसं लागतंय?"

"चांगलं."

"चांगलं तर पाद्र्याचं प्रवचनही असतं. जिभेला आधी काय लागलं ते सांग."

चाळीस वर्षं या माणसाने लोकांची वाईन चाखली, आणि मला एकदाही असं विचारलं नव्हतं. मी डोळे मिटले. म्हटलं, आधी मीठ. मग लसूण, पण कच्चा उग्र नाही, नुकता झोपेतून उठल्यासारखा. मग मागून काहीतरी आंबट.

"व्हिनेगर. पाव भिजवलाय त्यात. तिची आई तसंच करायची," बाबा म्हणाले, आणि आपण घास गिळल्यासारखा त्यांनी गळा हलवला.

आता चार वाजलेत. ते वरच्या खोलीत झोपलेत आणि मी खिडकीशी बसून लिहितेय. दोघांचं जेवण माझ्या एकटीच्या पोटात आहे, मला वाकताही येत नाही. उद्या निझ्झाच्या बाजूला जायचंय. परवा कुठे असं विचारलं तर म्हणतात, "परवाचं परवा."

आई

निझ्झाजवळ, बुधवार, १९ ऑक्टोबर

दारिओ,

काल मी तुला खोटं लिहिलं. पत्र अजून माझ्या पिशवीतच आहे. फाडून टाकावं असं वाटलं, पण नाही फाडत. दोन्ही एकाच पाकिटात घालते. कालचं वाचलंस तसं आता हे वाच.

आज बाल्दोकडे गेलो. बाबांचा लष्करातला सोबती, निझ्झाच्या वर एकटाच राहतो, आणि त्याची बार्बेरा वाईन या टेकड्यांत सगळ्यात चांगली, असं बाबा पहिल्यापासून म्हणत आलेत. बाल्दोने हेझलनटचा केक केला होता. स्वतः केला होता, बाईमाणूस नसलेल्या घरात, आणि एका बाजूने जळलेला होता. आम्हाला थेट तळघरात नेलं. चौसष्ट सालची बाटली काढली. बाहीने धूळ पुसली. "तुझ्यासाठी ठेवली होती," म्हणाला. "मला वाटलं होतं तू नातवाला घेऊन येशील."

बाबांनी पेला उजेडाकडे धरला, वास घेतला, घोट घेतला, तोंडात घोळवला. आणि कोपऱ्यातल्या बादलीत थुंकले.

दारिओ, तुला ठाऊक आहे ते काय म्हणायचे. कामावर थुंकायचं, कारण दिवसाला साठ पेले चाखायचे असतात. मित्राच्या घरी जो थुंकतो त्याला परत बोलावू नये.

बाल्दोने बादलीकडे बघितलं. मग म्हणाला, "एव्हाझियो, माझ्या तळघरात? चौसष्ट सालची?"

"फार चांगली आहे, बाल्दो."

"चांगली आहे म्हणून थुंकलास? वीस वर्षं मी ती इथे सांभाळली, बायकोच्या दिवसाला उघडली नाही, आणि तू—"

 बाबांनी मफलर सोडला आणि कॉलरचं बटण काढलं. तेवढंच. कॉलरमध्ये आता दोन मुठी मावतील एवढी जागा आहे.

 मग बाल्दोने काय केलं सांगू? कोपऱ्यातली बादली उचलली, धुऊन आणली, आणि बाबांच्या समोर गुडघ्यावर टेकून दोन्ही हातांनी धरली. "आता नीट चाख," म्हणाला. "घाई नको." सहा बाटल्या उघडल्या त्याने. सहाही वेळा बादली त्यानेच धरली. वर आल्यावर जळका केक मी खाल्ला, आणि बाबांना सांगितलं की जळलेला भागच जास्त चांगला लागतो, कारण तो कॉफीसारखा कडू आहे. ते खरंही होतं.

जुलैत कळलं. अन्ननलिकेत गाठ आहे. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, नाताळ बघतील, कदाचित नाही. घन काहीच जात नाही. गाळलेलं सूप आणि दूध, चमच्याने, तेही कधी परत येतं. वाईनचा एक घोट उतरवायला अर्धा तास लागतो आणि मग दिवसभर दुखतं. देसोलिनाकडे त्यांच्या पोटात काहीही गेलं नाही. तीन दिवसांच्या या सहलीला मी त्यांच्या वाटणीचं खायला आले आहे.

तुला कळवायचं नाही अशी त्यांनी मला शपथ घातली होती. "सहलीहून परत येईपर्यंत त्याला एक अक्षर लिहायचं नाही. आधी मला एक गोष्ट नक्की करायची आहे." कुठली गोष्ट, ते सांगितलं नाही. मी शपथ मोडते आहे. ये, बाळा. बोटीने नाही, विमानाने ये.

दुपारी ते झोपले तेव्हा मी कोटाच्या खिशातून यादी काढली. तीन ओळी आहेत. देसोलिना, हिरवे मासे. बाल्दो, बार्बेरा. आणि तिसरी: नाताले, बान्या काउदा.

माझ्या भावाचं नाव. मी कागद हातात घेऊन खाटेवर तशीच बसून राहिले. का, ते तुला वेगळं सांगायला नको.

आई

व्हालरोस्सा, शुक्रवार, २१ ऑक्टोबर

दारिओ,

काल सकाळी निझ्झात पाकीट टाकलं. आता घरून लिहितेय. तुला ठाऊक असलेलंच मी आधी लिहिणार आहे, कारण ते मी आजवर कधी कागदावर उतरवलं नाही.

एकाहत्तर साली नाताले मामाचा मळा गारांनी झोडपला. त्याची द्राक्षं पाणचट निघाली. आपल्या भागातल्या सगळ्यांची वाईन होते त्या सहकारी तळघरात ती तशी चालली नसती, म्हणून आपला रस होता त्या तीन नंबरच्या टाकीत त्याने साखर ओतली. टाकीची किल्ली तुझ्याकडे होती, तुझं पहिलंच वर्ष. पोती बघितलीस आणि तू आधी माझ्याकडे आलास. सभासदांची सभा दुसऱ्याच दिवशी होती. आपल्याकडे वाईनमध्ये साखर घालणं म्हणजे चर्चच्या दानपेटीत हात घालणं. मी तुला म्हटलं, गप्प राहा, त्याच्या चार मुली लहान आहेत, त्याला सगळे हाकलून देतील. तुझ्यावर कोण संशय घेणार, तू एव्हाझियोचा मुलगा. तू विचारलंस, आणि बाबांनी ओळखलं तर? मी म्हटलं, मी सांगेन त्यांना. नाताले सावरला की सांगेन.

बाबांनी ओळखलं. सगळ्या सभासदांसमोर, पेला हातात घेऊन. "अंग हडकुळं आणि डोकं तापलेलं, चव पातळ नि नशा जास्त. या टाकीत साखर आहे. किल्ली माझ्या मुलाकडे आहे. माझ्या घरात चोर आहे हे मला आज कळलं." मी दारात उभी होते, पेल्यांची परात घेऊन. तू माझ्याकडे बघितलंस. मी परातीकडे बघितलं.

तू मार्चमध्ये जेनोव्हाहून ऑस्ट्रेलियाची बोट धरलीस. बारा वर्षं मी दर नाताळाला तुला हवापाणी लिहिलं, आणि दर नाताळाला तुझं कार्ड आलं, त्यावर नुसतं तुझं नाव. पहिल्या वर्षी म्हटलं, नातालेची थोरली शाळा संपवू दे. मग तिचं लग्न. मग दुसरीचं. मग वाटलं आता इतक्या वर्षांनी सांगून काय. हे सगळं मी केलं.

आता कालचं.

योलांदा मामीने टेबलावर मधोमध बान्या काउदाचं मातीचं भांडं ठेवलं होतं, खाली निखारे, आत तेल-लसूण-माशांचं उकळणं, भोवती भाजलेल्या मिरच्या, कोबी, बीट. चौघांनी एकाच भांड्यात बुडवून खायचं. नाताले फार बोलत होता. घाबरला की तो फार बोलतो. "दारू आण तुझी, घरची," बाबा म्हणाले. "जुलैत दवाखान्यात आणली होतीस ती."

त्याने आणली. बाबांनी घोट घेतला, तोंडात ठेवला, ठेवूनच बसले. मग वाटीत थुंकले आणि ओठ पुसले.

"किती सालची?"

"गेल्या वर्षीची. का? बिघडलीये?"

"बिघडली नाही. अंग हडकुळं आणि डोकं तापलेलं. जुलैत चाखली तेव्हाच वाटलं होतं. आज पुन्हा चाखायला आलो. हा हात मी एकदा आधी चाखलाय, नाताले. तीन नंबरच्या टाकीत."

नातालेच्या काट्याला कोबीचं पान होतं. त्यातून तेल टेबलाच्या कापडावर ठिपकत राहिलं.

"एव्हाझियो, बारा वर्षं झाली त्याला."

"मी वर्षं विचारली नाहीत."

"चार मुली होत्या माझ्या."

"माझा एक मुलगा होता."

योलांदा रडायला लागली. नाताले म्हणाला, "मी तुझ्याकडे येणार होतो. देवाशपथ येणार होतो. पण तू त्याचं नाव घेतलंस, आणि तो काहीच बोलला नाही, आणि मग..." आणि मग त्याने माझ्याकडे बोट केलं. "एर्नेस्ताला सगळं ठाऊक होतं. पोरगा आधी तिच्याकडेच गेला होता. तिला विचार."

बाबा माझ्याकडे वळले. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी मान खाली घातली, पुन्हा. त्यांना तेवढं पुरलं.

"कोट घाल, एर्नेस्ता," ते म्हणाले.

 वाटेत तानारो नदीच्या पुलापाशी त्यांनी गाडी कडेला घेतली.

"तुला त्याने सांगितलं होतं?"

"हो."

"कधी?"

"तू चाखायच्या आदल्या दिवशी."

"आणि तू?"

"गप्प राहा म्हटलं."

नदीकडे बघत ते म्हणाले, "तो तुझ्याकडे बघत होता. दारात. मला वाटलं, आईसमोर पकडला गेला म्हणून लाज वाटतेय त्याला."

मी म्हटलं, "मला वाटलं होतं तू टाकीचं नाव घेशील. तू मुलाचं घेशील असं मला वाटलं नव्हतं."

त्यांनी मान हलवली. "हो. ते माझं."

आणि गाडी सुरू केली.

आज सकाळी त्यांनी मला कागद घ्यायला सांगितला. पुढचं त्यांचं आहे, मी एक शब्द घातला नाही किंवा काढला नाही:

"दारिओ. तीन नंबरच्या टाकीत साखर तू घातली नव्हतीस. मी चारचौघांत बोललो होतो, चारचौघांतच परत घेईन. तू यावंस असं मी म्हणत नाही. यावंसं वाटलं तर लवकर ये."

मी विचारलं, "खाली 'बाबा' लिहू?"

"एव्हाझियो लिही. बाकीचं त्याने ठरवायचं."

एव्हाझियो

व्हालरोस्सा, सोमवार, ७ नोव्हेंबर

दारिओ,

तुझं पत्र नाही. टपाल दहा दिवसांचं आहे हे मला कळतं. त्यांनाही कळतं. तरी टपालवाला येतो त्या वेळी ते खुर्ची दाराशी ओढून बसतात, आणि तो फाटकावरून "आज काही नाही, एव्हाझियो" म्हणाला की जणू त्याचीच काळजी वाटत असल्यासारखे म्हणतात, "असू दे, असू दे, थंडी आहे, तू जा."

काल सहकारी तळघरात सभा होती. नव्या वाईनची पहिली चाखणी. बाबांना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. त्यांनी कोट घातला. कोट आता खुंटीवर टांगल्यासारखा दिसतो. मी म्हटलं मी सोबत येते. म्हणाले, "ये. दारात उभी राहा. तिथेच."

मी तिथेच उभी राहिले, दारिओ.

पंचेचाळीसएक माणसं होती. त्यांना बघून सगळे बाजूला झाले. कोणीतरी पेला पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. टेबलाला धरून उभे राहिले आणि बोलायला लागले. आवाज आता कागद चुरगळल्यासारखा येतो.

"मोठ्याने बोल, एव्हाझियो," मागून कोणीतरी म्हणालं.

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. "एकाहत्तर साली मी इथे उभा राहून माझ्या मुलाला चोर म्हणालो. तो चोर नव्हता. कोण होता ते मी सांगणार नाही, ते त्याचं त्याने सांगावं. मी चुकलो, हे सांगायला आलो."

 लोकांनी टोप्या काढून हातात घेतल्या होत्या. मग क्विंतो, तुझ्याबरोबर टाक्या धुणारा, तो आता पार टकला झालाय, तो म्हणाला, "एव्हाझियो, आम्हाला ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"दारिओ नव्हता ते. पोती कोणाच्या गाडीतून उतरली ते दोघातिघांनी बघितलं होतं. मग हळूहळू सगळ्यांनाच."

बाबांनी एकेका चेहऱ्याकडे बघितलं. एकेक चेहरा खाली झाला. "बारा वर्षं?"

"चाखणारा तू होतास," क्विंतो म्हणाला.  "तुझी जीभ चुकली असं तुला कोण सांगणार?"

"जीभ बरोबर होती, क्विंतो. साखर होतीच. बाकीचा मी चुकलो."

घरी येताना त्यांनी माझा हात धरला, पण तो चढ आहे म्हणून. सहलीहून आल्यापासून माझ्याशी गरजेपुरतं बोलतात. उशी वर कर. खिडकी लाव. मी जेवायला बसले की समोर बसतात, पण आता "सांग" म्हणत नाहीत. मी मुकाट्याने खाते, आणि घास मोठ्याने वाजू नये म्हणून जपते.

तू मला काही लिहू नकोस. मला त्याची अपेक्षा नाही, तोंडही नाही. त्यांना लिही. वेळ नसेल तर फोन कर. आपल्याकडे फोन नाही, पण चौकातल्या बारचा नंबर सोबतच्या चिठ्ठीवर देते. रविवारी सकाळी प्रार्थनेनंतर कर, तेव्हा उचलायला कोणी ना कोणी असतंच. ते आता हळू चालतात, म्हणून आधी निरोप ठेव आणि अर्ध्या तासाने पुन्हा कर.

आई

व्हालरोस्सा, शनिवार, २६ नोव्हेंबर

दारिओ,

तार मिळाली असेल. मंगळवारी सकाळी गेले. गुरुवारी पुरलं, त्यांच्या आईशेजारी. माती ओली होती, पण पाऊस नव्हता. देसोलिना दुखरे गुडघे घेऊन आली, बाल्दोही आला. तो कोणाशी बोलला नाही. क्विंतो आणि तळघरातल्या तिघांनी खांदा दिला.

नाताले दफनभूमीच्या फाटकाबाहेर उभा होता. त्याला आत कोणी बोलावलं नाही आणि कोणी अडवलंही नाही. माझा धाकटा भाऊ आहे, मी त्याला अंगाखांद्यावर वाढवलंय. तो माझ्याकडे बघत होता, मी येईन म्हणून. मी गेले नाही. बारा वर्षं मी त्याच्याच शेजारी उभी होते.

तुला रविवारचं सांगायला हवं, कारण इकडून काय झालं ते तुला दिसलं नसेल. बारवाल्याची मुलगी धावत आली, चपलाही न घालता. "ऑस्ट्रेलिया! अर्ध्या तासाने पुन्हा येणार आहे!" बाबा चार दिवस खाटेवरून उठले नव्हते. मला वाटलं, तिला सांगावं की नाही जमणार. पण ते आधीच पाय खाली सोडत होते. "दाढी," म्हणाले. मी म्हटलं, "अरे, फोनवर कुठे दिसणार आहे?" तर रागाने बघितलं. मी दाढी केली. क्विंतो आणि त्याचा मेहुणा आले, त्यांनी बाबांना स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसवलं आणि खुर्चीसकट गल्लीतून खाली नेलं. दोन्ही बाजूंच्या दारांत माणसं उभी होती. कोणी हाक मारली नाही.

बार भरलेला होता. त्यांना आणलं तसे सगळे आपापले पेले घेऊन बाहेर चौकात गेले. मालकाने कॉफीचं यंत्र बंद केलं, कारण त्याचा आवाज होतो, आणि तोही बाहेर आला. मी आत राहणार होते, ते माझ्याकडे बघून म्हणाले, "तूही."

मी काचेच्या दाराबाहेर उभी राहिले. फोन वाजला. त्यांनी दोन्ही हातांनी धरला. त्यांचा आवाज जवळजवळ गेला होता, म्हणून बोलत होतास तो तूच, हे मला दिसत होतं. ते ऐकत होते. मान हलवत होते, तुला दिसत असल्यासारखी. एकदा डोळे मिटून बराच वेळ तसेच राहिले, मला वाटलं शुद्ध गेली, मी दार ढकललं, तर त्यांनी डोळे न उघडताच हाताने मला थांबवलं. एकदा हसले. कशाला ते मला माहीत नाही. मग दोन-तीन शब्द बोलले. ओठ हलले तेवढे दिसले.

भिंतीवरच्या घड्याळात अकरा मिनिटं झाली. मग त्यांनी मला आत बोलावलं आणि फोन पुढे केला. मी कानाला लावला. नुसता सूं आवाज होता. तू ठेवून दिला होतास.

मी तुला दोष देत नाही. हे मी तीनदा लिहिलं आणि खोडलं, कारण दोष देण्याचा प्रश्नच कुठे येतो.

घरी खाटेवर निजवलं तेव्हा मी विचारलं, "काय म्हणाला?"

ते रागावले नाहीत. माझ्याकडे कितीतरी दिवसांनी नीट बघितलं. "ते आमचं आहे," म्हणाले.

त्यानंतर दोन दिवस त्यांचा चेहरा वेगळाच होता. मंगळवारी सकाळी मी ओल्या फडक्याने त्यांचे ओठ पुसत होते. त्यांनी माझं मनगट धरलं. घट्ट. ती माफी होती की नुसता आधार, मला कळलं नाही. विचारावं म्हणून मी वाकले, तोवर हात सैल पडला होता.

गावातले लोक येतात, कॉफी घेतात, आणि उठताना हळूच विचारतात, मुलगा फोनवर काय बोलला. मी सांगते, मला माहीत नाही. त्यांना वाटतं मी लपवतेय. एर्नेस्ता लपवते, हे आता सगळ्यांना माहीत आहे.

माझी तुझ्याकडे एकच मागणी आहे. त्या अकरा मिनिटांत काय बोलणं झालं ते मला कधी सांगू नकोस. मी पुढे म्हातारी होईन, एकटी पडेन, पत्रातून गयावया करीन, तेव्हाही नको. तुमच्या दोघांच्या मध्ये मी बारा वर्षं उभी होते, दारिओ. फक्त त्या अकरा मिनिटांत नव्हते.

आई